कुबडीचा हात

केसपेपरवर पहिलीच ओळ होती : 'आधीपासून अपंग, अंथरुणाला खिळलेली.' उजवा हात लुळा, तोंड वाकडं, बोलणं बंद, शिवाय डावा पाय हलत नाही. ज्युनिअर डॉक्टर गोंधळला होता. पक्षाघाताचा झटका सहसा शरीराची एकच बाजू पाडतो; उजवा हात आणि डावा पाय एकाच झटक्यात कसे जातील?

मी चादर बाजूला केली. डावी पोटरी मनगटाएवढी, गार. मांडीवर कॅलिपरच्या, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या साच्याच्या, पट्ट्याचे वळ. लहानपणीचा पोलिओ. मग उजवा तळहात उलटून पाहिला. कुबडीने पडलेले जाड घट्टे, बोटांच्या टोकांवर सुईचे बारीक काळे ठिपके.

"दादा, काल यांनी दिवसभर काय केलं?"

"अक्कानं? चार ब्लाउज शिवले. अस्तर आणायला बाजारात गेली, एकटीच." ते थांबले. "पाय तर आधीच नाही, डॉक्टर. आता हातही..."

२०१५ साली मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेला क्लॉट, म्हणजे रक्ताची गुठळी, ओढून काढण्याचा उपचार ज्या चाचण्यांनी सिद्ध केला, त्यांत बहुतेक रुग्ण आधी धडधाकट असलेलेच घेतले होते. मग अशा पेशंटसाठी पुरावा कमी, म्हणून उपचारच नको, हे कळत नकळत आमच्या अंगवळणी पडतं. माझा याला ठाम विरोध आहे. जिचा सगळा संसार एका हातावर उभा आहे, तिचा तो हात वाचवायला जास्त धावलं पाहिजे.

सव्वादहाला हातातून कात्री गळाली होती. आता पावणेबारा. क्लॉट विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते, पण दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. सीटीत रक्तस्राव नव्हता. बीपी १९६/१०४, इंजेक्शन देता यावं म्हणून ते १८५/११० च्या खाली आणलं.

अडलं ते वजनाशी. डोस किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, अंदाज चुकून जास्त गेलं तर मेंदूत रक्तस्रावाची भीती. काट्यावर उभं कसं करणार? दादांनी बहिणीला उचललं आणि तेच काट्यावर चढले. दोघांचे ११९, त्यांचे ७१. म्हणजे ४८ किलो, ४३.२ मिलिग्रॅम. दहावा भाग लगेच, उरलेलं तासाभरात.

संध्याकाळी अंगठा हलला. केसपेपरवरची ओळ मी खोडली, 'शिलाईकाम करते, कुबडीवर एकटी फिरते' असं लिहिलं.

चौथ्या दिवशी ती कुबडी धरून उभी राहिली. पकड सैल होती. दादा सावरायला पुढे झाले, तर तिने त्यांना कोपरानेच बाजूला सारलं. शब्द अजून अडत होते.

"मी," ती म्हणाली. "मी."