धुराचा डाग

डाग काढायचे, चेहरे उजळ करायचे आणि मोठ्या फ्रेममध्ये बसवून द्यायचं, एवढंच काम होतं. मुलगी म्हणाली, "ताई, आमच्या आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरात त्यांचा एअरफोर्समधला हा एकच फोटो उरलाय. जमेल ना?"

जमेल, म्हटलं. अमळनेरला आमचा स्टुडिओ वडिलांपासूनचा. ते निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायचे, मी कॉम्प्युटरवर करते. खानदेशात घरोघरी भिंतीवर असे फोटो असतात आणि ओल लागून ते खराब होतात. महिन्याला दहा-बारा तरी माझ्याकडे येतातच.

हा फोटो काचेला चिकटलेला होता. असा फोटो ओढून काढायचा नसतो. ओढला की वरचा पातळ थर काचेवरच राहतो आणि त्याबरोबर माणसांचे चेहरेही जातात. मी काचेसकट स्कॅन केला. गडद भागांवर चांदी वर आली होती, जुन्या कृष्णधवल प्रिंटवर येते तशी निळसर झाक. डावा कोपरा बुरशीने खाल्लेला. मधोमध एक चिमुकलं लढाऊ विमान, त्याच्यापुढे आठ जवान. कोणी उकिडवे बसलेले, कोणी विमानाच्या पोटाला हात लावून उभे. उजवीकडचा आठवा माणूस निम्मा कापला गेलेला. विमानाच्या बाजूला, जिथून हवा आत जाते त्या तोंडाच्या कडेला, हातभर लांबीचा काळा ओरखडा मागच्या दिशेला पसरलेला.

दोन रात्री बसले. बुरशीचे ठिपके एकेक करून भरले, काळा ओरखडा पुसून पत्रा स्वच्छ केला. तीन चेहरे फार पुसट होते, तिथे चेहरे स्पष्ट करणारं एक सॉफ्टवेअर वापरलं. डोळे, भुवया, ओठ, सगळं नीट उमटलं. मला काम आवडलं होतं, हे खरं सांगते.

प्रूफ बघायला आप्पा स्वतः आले. बोरीकाठच्या गावाहून नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून, डोक्याला मफलर गुंडाळून. फोटो घेऊन आलेली ती नात बरोबर होतीच. मी मोठ्या स्क्रीनवर फोटो लावला. आप्पांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, भरून आलं असेल.

मग त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं, अगदी त्या पत्र्यावर.

"आठे काळं व्हतं. कोठे गयं?"

मी म्हटलं, "आप्पा, मळ होता तो. काढला."

"हाऊ मळ नही शे बेटा," ते म्हणाले. "हाऊ धूर शे. तोफना धूर."

पुढचे दोन तास दुकानात दुसरं काम झालं नाही. एक लग्नाचा अल्बमवाला येऊन परत गेला. बाहेर बाजाराचा दिवस होता, गर्दीचा आवाज आत येत होता आणि आप्पा मला एका विमानाबद्दल सांगत होते.

विमानाचं नाव नॅट. मूळ इंग्रजांचं, फॉलंड कंपनीचं, पण आपल्याकडे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात बनायचं. पंखांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम २२ फूट. समोर पाकिस्तानकडे अमेरिकी सेबर होतं, त्याचा पसारा ३७ फुटांचा. "आपल्या बैलगाडीच्या शेजारी उभं केलं तरी फार मोठं वाटणार नाही," असं आप्पा म्हणाले. लहान असल्यामुळे आकाशात ते चटकन दिसायचं नाही आणि वळायला फार चपळ. चाकांना झाकणारी दारंच हवेत अर्धवट उघडून ब्रेकसारखी वापरायची, कारण वेगळे एअरब्रेक लावायला त्यात जागाच नव्हती. फोटोत विमानाच्या पोटाखाली लोंबणारी ती दारं मला तुटका पत्रा वाटली होती. नशीब, त्यांना हात लावला नव्हता.

आप्पा आर्मामेंट फिटर होते, म्हणजे विमानाच्या तोफा आणि दारूगोळा बघणारे. १९६२च्या युद्धानंतर भरती वाढली, तेव्हा मॅट्रिक होऊन गेले. २२ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये आले ते त्यानंतर काही वर्षांनी. ही स्क्वाड्रन १९६६ साली उभी राहिली, नॅट विमानं घेऊनच. तिचं नाव स्विफ्ट्स. स्विफ्ट म्हणजे पाकोळी, हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. आमच्या शाळेच्या छपराखाली पाकोळ्यांची घरटी होती, म्हणाले.

नॅटला दोन तोफा. ३० मिलिमीटरच्या, एडन नावाच्या, दोन्ही बाजूंच्या हवेच्या तोंडाच्या कडेत बसवलेल्या, एकेक इकडे-तिकडे. रिव्हॉल्व्हरसारखं फिरणारं पाच घरांचं चक्र आणि दर तोफेला ११५ गोळ्यांचा पट्टा. एकेक गोळी अर्ध्या किलोच्या आसपास. पट्टा म्हणजे गोळ्यांना एकमेकींत अडकवणाऱ्या लोखंडी कड्या. तो भरणं हे आप्पांचं काम.

त्यांनी मला ते हातांनी करून दाखवलं. माझ्या टेबलावरची स्ट्रॅपची गुंडाळी घेतली आणि ती अंगठ्यावरून हळूहळू पुढे सोडत गेले, प्रत्येक इंचाला थांबून. एखादी कडी केसाएवढी वाकडी असली, एखादी गोळी कडीत एक सूतभर पुढेमागे बसली, तर वर आकाशात तोफ अडकते. पायलट ट्रिगर दाबतो आणि काही होत नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नख नाही, तिथे नुसती गुळगुळीत कातडी आहे. कडीत सापडलं होतं. त्या बोटानेच ते पट्टा तपासत होते, कारण म्हणे नख नसलेल्या बोटाला जास्त कळतं.

१९६५च्या युद्धात नॅटने सेबर पाडली आणि मोठं नाव कमावलं, पण ऐन वेळी तोफा अडकल्याच्या तक्रारीही त्याच युद्धातल्या. आप्पांच्या वेळच्या प्रत्येक आर्मामेंट फिटरच्या डोक्यावर ते ओझं होतं. उस्तादांनी शिकवलेलं पहिलं वाक्य आप्पांना अजून पाठ आहे. विमान परत आलं की आधी तोंडाची कड बघ. काळी असेल तर तू आज कामावर होतास.

म्हणून तो धूर. तोफा नीट चालल्या, पट्टा शेवटपर्यंत सरकला, याची ती खूण. मी ती दोन मिनिटांत पुसून टाकली होती.

मी लगेच मूळ लेअर परत आणला. काळा ओरखडा पुन्हा दिसला तशी आप्पांनी मान डोलावली.

नात म्हणाली, "आप्पा, बोयऱ्याचं सांगा ना." तिने गूगलवर वाचलं होतं.

बोयऱ्याची गोष्ट आता पुष्कळ ठिकाणी आहे. २२ नोव्हेंबर १९७१. युद्ध अधिकृतपणे सुरू व्हायला अजून ११ दिवस होते. पूर्व सीमेवर बोयऱ्याच्या पुढे आपलं सैन्य होतं आणि त्याच्यावर ढाक्याहून आलेली पाकिस्तानी सेबर हल्ले करत होती. स्क्वाड्रनचा मुक्काम पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंड्याला, पण तिची एक तुकडी कलकत्त्याजवळ डमडमला सज्ज ठेवलेली. त्या दिवशी सकाळी दोनदा नॅट उडाली आणि दोन्ही वेळा सेबर निसटून गेली. तिसऱ्यांदा दुपारी पावणेतीनच्या सुमाराला चार नॅट उडाली. मॅसी पुढे, त्यांच्याबरोबर सुआरिस, मग गणपती आणि लाझारस. काही मिनिटांत सगळं संपलं. 'मर्डर' हा सांकेतिक शब्द रेडिओवर तीनदा ऐकू आला, म्हणजे सेबर पडलं. भारताने तीन सेबर पाडल्याची नोंद केली. तिसरं मार खाऊनही परत पोहोचलं, असं पाकिस्तानकडून सांगितलं गेलं. दोन पायलट पॅराशूटने उतरले आणि आपल्या हाती लागले. त्यांतले एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. मॅसी, गणपती आणि लाझारस यांना वीरचक्र मिळालं.

आप्पांनी हे सगळं फार भरभर सांगितलं. ज्या गोष्टीवर ते थांबले ती वेगळीच होती. त्या वेळी स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर विंग कमांडर सिकंद होते. १९६५च्या युद्धात याच सिकंदांचं नॅट इंधन संपत आल्यामुळे पाकिस्तानातल्या पसरूरच्या रिकाम्या धावपट्टीवर उतरलं होतं. ते कैद झाले आणि ते विमान आजही कराचीच्या संग्रहालयात आहे. सहा वर्षांनी त्याच माणसाच्या हाताखालच्या पोरांनी बोयऱ्यावर सेबर पाडली. आप्पा म्हणाले, माणसाला दुसरी संधी देणारी फौज होती ती. हे सांगताना त्यांचा आवाज जरा जड झाला. मीही थोडा वेळ काही बोलले नाही.

मग चेहऱ्यांकडे वळलो. आप्पा डावीकडून एकेकाची ओळख सांगत होते. हा पंजाबचा, इंजिनवाला. हा बिहारचा, याची आई दर महिन्याला सत्तू पाठवायची. हा मी. चौथ्यावर ते थांबले. पाचव्यावरही. मान तिरकी करून बघितलं, चष्मा काढून बघितलं.

"हाऊ कोन शे?"

मी सगळ्यात मन लावून स्पष्ट केलेले तेच दोन चेहरे होते. तरतरीत नाक, नीट भांग, चकचकीत डोळे. सॉफ्टवेअरने पुसट ठिपक्यांवरून कुणा भलत्याचंच तोंड तिथे काढलं होतं आणि मला ते कळलंच नव्हतं, कारण मला ते लोक माहीत नव्हते. मी तो लेअर बंद केला. खालून मूळ धुरकट, जवळजवळ न दिसणारे चेहरे वर आले.

"अरे!" आप्पा लगेच म्हणाले. नावं घेतली दोघांचीही. एकाला त्याच्या उभं राहण्यावरून ओळखलं. तो नेहमी डाव्या पायावर भार टाकून उभा राहायचा, कारण उजव्या गुडघ्याला मार होता. तिसरा पुसट चेहरा म्हणजे उजवीकडचा अर्धा कापलेला माणूस. त्याचं नाव आप्पांना आठवलं नाही. केरळचा होता, एवढंच. पट्टा अंगठ्यावरून सोडायची रीत त्यानेच शिकवली होती. आप्पा दहा-एक मिनिटं ते नाव शोधत बसले, बोटाने मांडीवर ठेका धरून. नाही आलं.

वडील म्हणायचे, निगेटिव्हवर पेन्सिल चालवताना कधीही हनुवटीला हात लावू नको, माणूस बदलतो. मी ते विसरले नव्हते. तरी केलं. त्या दिवसापासून ते सॉफ्टवेअर मी जुन्या फोटोंना लावत नाही. गिऱ्हाईक मागे लागलं तर आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला घेऊन या, म्हणते.

शेवटी फ्रेमखालच्या ओळीचा प्रश्न आला. घरच्यांनी लिहून आणलं होतं : 'बोयऱ्याच्या हवाई युद्धातील वीर'. आप्पांनी कागद हातात घेतला, वाचला आणि नातीकडे बघितलं.

"मी तठे नव्हतू," ते म्हणाले.

त्या दुपारी ते कलाईकुंड्याला होते. डमडमच्या तुकडीत त्यांचं नाव नव्हतं. संध्याकाळी कुणीतरी धावत लाईनवर येऊन सांगितलं, तेव्हा त्यांना कळलं. सगळे ओरडले, एकमेकांना मिठ्या मारल्या आणि मग पुन्हा पट्टे तपासायला बसले, कारण दुसऱ्या दिवसाची विमानं तयार करायची होती. हा फोटोही युद्धातला नाही. १९७२चा आहे. विमान दुधकुंडीच्या फायरिंग रेंजवरून सराव करून आलं होतं. तोंडाचा धूर सरावाचा आहे.

नातीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "पण आप्पा, स्क्वाड्रन तर तुमचीच ना? लिहिलं तर काय बिघडलं?"

आप्पा तिच्यावर रागावले नाहीत. जे डमडमला होते त्यांचं ते आहे, एवढं म्हणाले. "खोटं लिखू नको." मग माझ्या टेबलावरचं पेन घेऊन कागदाच्या मागे थरथरत्या हाताने लिहिलं : २२ स्क्वाड्रन, आर्मामेंट सेक्शन, कलाईकुंडा, १९७२.

निघताना मी विचारलं, स्क्वाड्रन आता कुठे आहे? पुढे तिला मिग-२७ मिळाली, ते म्हणाले, आपल्या ओझरला बनलेली. त्यांचा धाकटा भाऊ तिथेच कारखान्यात होता. दोघे भाऊ दिवाळीला भेटले की एकच विषय, तू बनवलेलं आमच्याकडे आलं का. २०१७च्या डिसेंबरात उत्तर बंगालमधल्या हाशिमाऱ्यात त्या मिग-२७ विमानांनी निरोप घेतला. स्क्वाड्रनजवळ विमानं उरली नाहीत की ती 'नंबरप्लेट' होते, म्हणजे नुसता क्रमांक शिल्लक ठेवतात. नातीने मोबाइलवर ती बातमी दाखवली होती तेव्हा आप्पा दोन दिवस शेतातून लवकर घरी आले नव्हते, असं नातवाने मला जाताजाता हळूच सांगितलं.

फोटो मी पुन्हा सुरुवातीपासून केला. बुरशी काढली, कोपरा भरला, चांदीची निळसर झाक उतरवली. चेहरे होते तसे ठेवले. मागच्या बाजूला सात नावं पेन्सिलीने लिहिली आणि आठव्यासाठी जागा सोडली. फाइल जळगावच्या लॅबला मोठ्या प्रिंटसाठी पाठवली.

तासाभराने लॅबमधल्या मुलाचा फोन आला. "ताई, फाइलमध्ये विमानाच्या बाजूला एक काळा डाग राहिलाय. मी काढून टाकू का? पाच मिनिटांचं काम आहे."

"नको," म्हटलं. "धूर आहे तो. जरा गडदच येऊ दे."