गोळ्या नाहीत, पण थेंब आहेत

उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाचं अ‍ॅक्यूट मेडिकल युनिट, म्हणजे तातडीने दाखल झालेल्या रुग्णांचा विभाग. 78 वर्षांच्या आजी, एकट्या राहणाऱ्या, आठवड्यात दोनदा स्वयंपाकघरात कोसळल्या म्हणून दाखल झालेल्या. नाडी मिनिटाला 40, रक्तदाब 104/58, ईसीजीत सायनस ब्रॅडीकार्डिया, म्हणजे हृदयाची लय नेहमीची पण ठोके मंद. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) आणि पोटॅशियम ठीक. हिस्टरी, म्हणजे रुग्णाला विचारून आजाराची माहिती, घेतली होती महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या एका तरुण डॉक्टरने. ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा पास झालेला, इंग्रजी चोख. कागदावर लिहिलं होतं: ‘फनी टर्न. नो चेस्ट पेन. नो रेग्युलर मेडिकेशन.’ पेसमेकरबद्दल कार्डिओलॉजीला विचारायचं ठरत होतं. त्याआधी तो आणि मी पुन्हा आजींजवळ जाऊन बसलो.

त्याने विचारलं होतं, ‘एनी हिस्टरी ऑफ चेस्ट पेन, पाल्पिटेशन, स्वेटिंग ऑर ब्रेथलेसनेस?’ आपल्याकडे गर्दीच्या ओपीडीत ही सवय हमखास लागते. पण चार प्रश्न एका दमात विचारले की रुग्ण बहुतेक वेळा शेवटच्याचंच उत्तर देतो, आणि ते एक ‘नो’ चारही चौकटींत जाऊन बसतं. शिवाय ‘पाल्पिटेशन’ (छातीत धडधड) हा डॉक्टरांचा शब्द, रुग्णाचा नव्हे. ‘हॅव यू नोटिस्ड युवर हार्ट रेसिंग, ऑर बीटिंग स्लोअर दॅन यूज्वल?’ असं विचारायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा प्रश्न.

‘फनी टर्न’ हे तर निदानच नाही. त्यात चक्कर, फिट, पक्षाघाताचा झटका, नुसती घाबरगुंडी, काहीही बसतं. म्हणून आधी ‘व्हॉट डू यू मीन बाय अ फनी टर्न?’ आणि मग घटनेचे तीन तुकडे: आधी काय करत होता, त्या वेळी काय जाणवलं, शुद्धीवर आल्यावर कसं वाटलं. ‘डिड एनीवन सी इट हॅपन?’ हा प्रश्न कधीच गाळू नये. आजी म्हणाल्या, ओट्याशी उभी होते, डोळ्यांपुढे अंधारी आली, खाली बसले, मिनिटभरात भानावर आले. जीभ चावली नव्हती, नंतर गोंधळही नव्हता. म्हणजे मेंदूकडचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडला होता. नाडी 40 का, हे मात्र अजून कळलं नव्हतं.

मग औषधं. ‘आर यू ऑन एनी मेडिकेशन?’ याला त्यांचं उत्तर होतं, ‘नो लव्ह, आय डोन्ट टेक टॅब्लेट्स.’ त्या खरंच बोलत होत्या. आपल्याकडेही ‘गोळ्या चालू आहेत का?’ म्हटल्यावर इन्सुलिन घेणारा माणूस ‘नाही’ म्हणतो आणि काढे-चूर्णं तर मोजतही नाही. म्हणून प्रश्न औषध शरीरात कुठून जातं त्या वाटेने विचारावा: ‘एनी इनहेलर्स? पॅचेस? क्रीम्स? इंजेक्शन्स? आय ड्रॉप्स? एनिथिंग यू बाय फ्रॉम द केमिस्ट, एनिथिंग हर्बल?’ इथेही प्रत्येक शब्दानंतर थांबायचं.

‘आय ड्रॉप्स’ म्हणताच आजींनी पर्स उघडली. टिमोलॉल 0.5 टक्के, काचबिंदूसाठी, सकाळ-संध्याकाळ, काही आठवड्यांपूर्वीच सुरू झालेलं. डोळ्यांच्या क्लिनिकने परस्पर दिलं होतं, म्हणून जीपीच्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या, यादीत नव्हतं.

टिमोलॉल हा बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या औषधांपैकी एक. थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथल्या श्लेष्मल त्वचेतून थेट रक्तात जातो. गिळलेल्या गोळीचा काही भाग यकृत आधीच निकामी करतं, ती पायरी इथे चुकते. वयस्कर माणसात एवढ्यानेही नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याचा श्वास अडू शकतो. नेत्रविभागाशी बोलून थेंब थांबवले, त्याऐवजी लॅटॅनोप्रोस्ट हे काचबिंदूचंच, पण बीटा-ब्लॉकर नसलेलं औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी नाडी साठीच्या पुढे होती.

त्या तरुण डॉक्टरसोबत उरलेली हिस्टरीही तशीच पुरी केली. ‘एनी अ‍ॅलर्जीज?’ला ‘पेनिसिलिन’ असं उत्तर आलं की तिथे थांबू नये. ‘व्हॉट हॅपन्ड व्हेन यू टुक इट?’ विचारावं, कारण पोट बिघडणं वेगळं आणि ओठ सुजणं वेगळं. दारूबद्दल ‘ऑकेजनली’ हे उत्तर चालत नाही. ‘व्हॉट वुड यू ड्रिंक इन अ टिपिकल वीक?’ विचारून युनिट (दारू मोजायचं ब्रिटनमधलं माप) मोजावीत: 12 टक्के वाइनची 750 मिलीची बाटली म्हणजे 9 युनिट, आणि तिथला सल्ला आठवड्याला 14च्या वर न जाण्याचा. लघवी, लैंगिक आरोग्य, मनाची अवस्था यांच्याकडे वळण्याआधी ‘आय नीड टू आस्क अ फ्यू पर्सनल क्वेश्चन्स, वी आस्क एव्हरीवन दीज’ हे वाक्य टाकलं की रुग्ण अवघडत नाही.

शेवटी ‘इज देअर एनिथिंग एल्स वरीइंग यू?’ विचारलं. आता घर सोडून वृद्धाश्रमात जावं लागेल, ही आजींची खरी धास्ती होती. ती ऐकल्यावर फिजिओथेरपिस्टला बोलावलं, आणि डिस्चार्जच्या पत्रात जीपीसाठी ठळक अक्षरांत लिहिलं: टिमोलॉलमुळे ब्रॅडीकार्डिया, बीटा-ब्लॉकर टाळावेत, थेंबसुद्धा.