बॅच १४: गुळाची जाहीर माफी

मागच्या नोंदीत मी ठणकावून लिहिलं होतं, कषायातलं, म्हणजे धणे-जिऱ्याच्या पुडीच्या काढ्यातलं, दूध गुळामुळे फाटतंय. शब्द मागे घेतो. गूळ बिचारा निर्दोष. चोर आलं निघालं.

पूड जुनीच: ४ वाट्या धणे, १ वाटी जिरे, अर्धी बडीशेप, चमचाभर मिरी, मेथीचे मोजून दहा दाणे. धणे या वेळी बिस्किटी रंगावर जमले, घरभर वास. आणि कुटायचं ते खलबत्त्यातच. मिक्सरमध्ये पूड तापते, निम्मा वास झाकणालाच राहतो.

तर फाटणं. पिवळाधमक गूळ सोडून काळसर कोल्हापुरी आणला. गॅस बंद करून अगदी शेवटी घातला. तरी कपाच्या तळाशी पनीरचा चुरा आणि वर निवळ पाणी! तीन रात्री मोरीत ओतलं. बायको म्हणाली, "सरळ हळदीचं दूध पी आणि झोप."

शनिवारी तीन वाट्या मांडल्या. तिन्हीत म्हशीचं दूध, ६५ अंशांवर. एकीत नुसता गूळ, दुसरीत कच्च्या आल्याचा रस, तिसरीत पाच मिनिटं उकळलेल्या आल्याचं पाणी. दहा मिनिटांनी पहिली-तिसरी जशीच्या तशी. दुसरी कलती केली तर दूध हलेचना!

कच्च्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम असतं, झिंजिबेन. गरम दुधात ते जोमात चालतं, उकळलं की संपतं. आणि 'वासासाठी आलं शेवटी किसून घाला' हा शहाणपणा माझाच होता.

म्हणून आता पूड आणि ठेचलेलं आलं आधी पाण्यात पाच मिनिटं खळखळ उकळायचं, मग दूध, एक उकळी, गॅस बंद, गूळ. काल रात्री साडेनऊला पहिला न फाटलेला कप प्यायलो. तळाशी फक्त धण्याचा गाळ. तोही चाटला.

पुढची बॅच गवती चहाची ठरली होती. पण दुसरी वाटी धुण्याआधी बोट लावून पाहिलं, तर काय, चिकाशिवाय खरवस! चीनमध्ये ग्वांगडोंगकडे हे मुद्दाम करतात: साखर घातलेलं गरम दूध आल्याच्या ताज्या रसावर ओतायचं आणि अजिबात ढवळायचं नाही. मी साखरेऐवजी गूळ आणि वर जायफळ घालून बघणार. गवती चहा कुंडीतच राहू दे, जून आलं आणून ठेवलंय.