तलवार एका हातात, दुसरा रिकामा

सोमवार

रविवारपासून नवी मोहीम सुरू होतेय आणि सगळ्यांनी थेट पाचव्या लेव्हलचं, म्हणजे अनुभवाच्या पाचव्या पायरीवरचं, कॅरेक्टर घेऊन बसायचंय. खेळ तोच आपला, डंजन्स अँड ड्रॅगन्स: प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, गोष्ट मिळून रचायची, निकाल फाशांनी. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. २०२४ चे आलेत, पण डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, पुन्हा पहिल्यापासून अभ्यास करायचा कंटाळा. बाकीच्यांनी पटापट सांगून टाकलं: क्लेरिक (देवाचा पुजारी), रोग (चोरटा), बार्बेरियन (रानटी लढवय्या). माझंच घोडं अडलंय. तलवारही हवी आणि मंत्रही. हे ग्रुपवर लिहिलं तर डीएमचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

चिडले, पण ही हाव काही माझी एकटीची नाही. १९७४ च्या अगदी पहिल्या नियमांतला एल्फ (परीकथेतल्यासारखा एक वंश) योद्धाही व्हायचा आणि जादूगारही. अट एवढीच की एका खेपेला एकच काहीतरी, मध्येच बदल नाही. तिसऱ्या आवृत्तीत चिलखत घालून मंत्र म्हटला तर तो फसण्याची टक्केवारी लागायची, साध्या साखळीच्या सदऱ्याला २० आणि पूर्ण पोलादी चिलखताला ३५. पाचव्या आवृत्तीने ती कटकट काढून टाकली. चिलखत वापरायचं शिक्षण असेल तर खुशाल घाला आणि मंत्र म्हणा. म्हणून नवख्यांना वाटतं की आता दोन्ही फुकटात मिळतं. तसं नाही. वसुली फक्त दुसऱ्या खिडकीवर गेलीय.

मंगळवार

एल्ड्रिच नाइटपासून सुरुवात केली. नाव भारदस्त. मुळात फायटर, म्हणजे योद्धा, त्याला तिसऱ्या लेव्हलपासून थोडी जादू. पाचव्या लेव्हलला ४४ हिट पॉइंट (मार सोसायची ताकद), पोलादी चिलखत आणि ढाल मिळून आर्मर क्लास २० (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा), एका पाळीत दोन वार. आणि जादू? पहिल्या पातळीचे (मंत्रांची पातळी वेगळी, कॅरेक्टरची लेव्हल वेगळी) तीन स्लॉट, म्हणजे दिवसाला असे तीनच मंत्र. फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, हाताशी येईपर्यंत तेरावी लेव्हल उजाडते, आणि आमच्या ग्रुपची एकही मोहीम तिथवर टिकलेली नाही. कुणाची बदली होते, कुणाला बाळ होतं, कुणी नुसतंच रविवारी झोपून राहतं.

हा खरा तलवारबाजच, खिशात चार युक्त्या ठेवलेला. वाईट अजिबात नाही. पण मला हवंय ते हे नाही.

बुधवार

आज हातांचा नियम पुन्हा नीट वाचला आणि एकटीच हसत बसले.

बऱ्याच मंत्रांना हातवारे लागतात आणि हातवाऱ्यांना एक हात मोकळा लागतो. आता एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल घेतलेला आपला एल्ड्रिच नाइट डोळ्यांपुढे आणा. 'शील्ड' हा त्याचा सगळ्यात कामाचा मंत्र: शत्रूचा वार लागतोय असं दिसलं की ऐन वेळी म्हणायचा, पुढच्या पाळीपर्यंत आर्मर क्लास ५ ने वाढतो. त्याला उच्चार आणि हातवारे दोन्ही लागतात. म्हणजे हातात ढाल आहे म्हणून ढालीचा मंत्र म्हणता येत नाही! स्वतःच्या पाळीत तलवार खाली टाकता येते, पण शील्ड म्हणायची वेळ येते ती शत्रूच्या पाळीत. यावर उतारा म्हणजे 'वॉर कास्टर' हे फीट, निवडून घ्यायचं एक खास कौशल्य. ते घेतलं की दोन्ही हात भरलेले असले तरी हातवारे चालतात. पुष्कळ टेबलांवर या नियमाकडे सरळ कानाडोळा करतात. आमचा डीएम करत नाही. तो बँकेत ऑडिटला आहे.

मग ब्लेडसिंगर उघडला. हा फायटर नाहीच, पक्का विझर्ड आहे, पोथीवाला जादूगार. याला ढाल वर्ज्य, जड चिलखत वर्ज्य, दोन्ही हातांनी एक शस्त्र चालवलं की त्याचं गाणं, म्हणजे वार चुकवायला मदत करणारी 'ब्लेडसाँग' ही जादू, बंद. आधी वाटलं, केवढे हे निर्बंध. हातांचा नियम वाचल्यावर उमगलं की त्याचा रिकामा ठेवलेला दुसरा हातच त्याची कमाई आहे. एकात रेपियर (सडपातळ तलवार), दुसरा मंत्राला मोकळा. कसलं फीट नको, डीएमशी हुज्जत नको.

शस्त्रावरून मात्र हुज्जत घातलीच. रेपियरचे सगळे आकडे तसेच ठेवून तिला दांडपट्टा म्हणायचं, अशी माझी मागणी. डीएम म्हणाला, "अगं, पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत असतो. मनगट वळत नाही. त्या हाताने हातवारे कसले करणार?" म्हटलं, तो हात तसाही तलवारीचाच, हातवारे दुसऱ्याने. बराच वेळ काही आलं नाही, मग अंगठा आला. वर एक अट: पट्टा चढवायला नि उतरवायला वेळ लागेल, म्हणजे दरबारात शस्त्र पटकन लपवता येणार नाही. मान्य. उलट आवडलंच.

गुरुवार

गुणांची वाटणी. खर्चायला २७ पॉइंट. डेक्स्टेरिटी (चपळाई) १४, इंटेलिजन्स (बुद्धी) १५, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, विझ्डम (शहाणपण) १२, आणि ताकद व करिश्मा दोन्ही ८. माझा वंश हाय एल्फ, त्याचे वाढीव धरून पहिले दोन्ही १६ वर. हिट पॉइंट ३२. बार्बेरियनवाला म्हणाला, "तेवढे माझे एका खोलीत जातात."

पण बाकीचा हिशोब बघा. मेज आर्मर हा मंत्र सकाळीच अंगावर चढवायचा, आर्मर क्लास १६. लढाई पेटली की ब्लेडसाँग, १६ इंटेलिजन्सला मिळणारे ३ जमा, १९. त्यावर हेस्ट हा वेग वाढवणारा मंत्र, म्हणजे २१. आणि अगदीच गळ्याशी आलं तर शील्ड, २६. साध्या गॉब्लिनला २६ वर वार लावायला वीस बाजूंच्या फाशावर २० च पडावा लागतो.

ग्यानबाची मेख आहे ती हेस्टमध्ये. तो टिकवायला एकाग्रता लागते आणि मार बसला की एकाग्रतेची परीक्षा. ती गेली तर हेस्ट नुसता जात नाही, जाताना एक अख्खी पाळी घेऊन जातो. शत्रूंच्या मधोमध ढिम्म उभं राहायचं. "कर्णाचंही असंच झालं होतं," डीएमची टिप्पणी, "ऐन वेळी मंत्र गेला." म्हटलं, त्याला परशुरामाचा शाप होता, माझ्याकडे निदान फासा आहे. २२ पेक्षा कमी नुकसानाच्या फटक्याला फासा आणि कॉन्स्टिट्यूशनचे २ मिळून १० गाठायचे असतात. नुसत्या कॉन्स्टिट्यूशनवर ६५ टक्के शक्यता. ब्लेडसाँग चालू असेल तर त्यातही इंटेलिजन्स मिळतं, ८० टक्के. आणि चौथ्या लेव्हलचं फीट म्हणून वॉर कास्टर घेतलं तर फासा दोनदा टाकून बरा तो धरायचा, ९६ टक्के. हातांसाठी नको म्हणत होते ते फीट शेवटी डोक्यासाठी घेतलं.

क्लेरिकवाली मैत्रीण एक लेव्हल फायटरची घ्यायला सांगत होती. सुरुवात फायटरने केली की कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हमध्ये, म्हणजे याच परीक्षेत, प्रावीण्य मिळतं, ९६ चे जवळपास १०० होतात. पण मग विझर्डची चारच लेव्हल उरते, तिसऱ्या पातळीचे मंत्र हुकतात, आणि हेस्ट तिसऱ्या पातळीचाच आहे. जे सांभाळायला एवढी तटबंदी करायची तेच आत नाही.

शुक्रवार, उशिरा

आज स्वतःलाच एक अवघड प्रश्न विचारला. याच पाचव्या लेव्हलला विझर्ड फायरबॉल टाकतो: ८ षट्कोनी, छे, सहा बाजूंचे ८ फासे, सरासरी २८, आणि तेही वीस फूट त्रिज्येतल्या प्रत्येकाला. माझा पट्टा, त्यावर बूमिंग ब्लेड हा मंत्र चढवून, लागला तर एकाला सरासरी १२. तो एक हलला तर वर आणखी ९. गणिताने विचारलं तर पट्टा घ्यायचं काही कारणच नाही. मागे साठ फुटांवर उभं राहा आणि जाळा.

कितीही फिरवून बघितलं तरी हेच येतं: पाचव्या लेव्हलचा ब्लेडसिंगर तलवार चालवतो तेव्हा तो कमी ताकदीचा विझर्ड असतो. इंटरनेटवरचे जाणकार तर सांगतात की त्याचं गाणं वार चुकवायला वापरा आणि मंत्र लांबूनच टाका. बरोबरच आहे त्यांचं. पण मग मी विझर्डच घेतला असता ना. मला पुढे उभं राहायचंय. नकाशावर माझी बाहुली बार्बेरियनच्या शेजारच्या चौकोनात हवी, मागच्या भिंतीला टेकलेली नको.

म्हणून फायरबॉल घेतलाच नाही. पुस्तकात असेल तर दर पाळीला तोच योग्य ठरेल आणि पट्टा म्यानाविना नुसता मिरवायला राहील. एका पाळीत सहा सेकंद, एक कृती, एक बोनस कृती. शत्रूच्या पाळीत एक रिअ‍ॅक्शन. तेवढ्यात दोन आयुष्यं बसत नाहीत. जो मंत्र मला शत्रूपर्यंत नेतो किंवा तिथे जिवंत ठेवतो तो आत, बाकी बाहेर. हेस्ट, मिस्टी स्टेप (क्षणात दुसरीकडे), शील्ड, अ‍ॅब्सॉर्ब एलिमेंट्स (आग वगैरेचा मार निम्मा). हा शेवटचा खास ड्रॅगनसाठी. तरुण लाल ड्रॅगनचा एक फूत्कार सरासरी ५६ नुकसान करतो, आणि आगीला तुमचा आर्मर क्लास २६ आहे की ६ याच्याशी काही देणंघेणं नसतं.

ग्रुपवर यादी टाकली. रोगवाला: "फायरबॉल कुठाय?" क्लेरिक: "फायरबॉल राहिला बहुतेक." बार्बेरियन: "टायपो आहे का?"

तिसऱ्या पातळीचा दुसरा मंत्र अजून रिकामा आहे. काउंटरस्पेल (शत्रूचा मंत्र मोडणारा) घेतला तर त्यालाही रिअ‍ॅक्शन लागते, म्हणजे शील्डशी भांडण. फ्लाय (उडण्याचा) घेतला तर त्यालाही एकाग्रता, म्हणजे हेस्टशी भांडण. डीएमला कॅरेक्टरची शीट उद्या दुपारपर्यंत हवीय, आणि वर तिचं नाव विचारतोय ते वेगळंच.