तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवारचा तास का बंद केला

बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्यात नंबर लावून बसले असतानाही हाच प्रश्न आला. "बाई, तुमचा तो शनिवारचा तास का बंद केलात?" विचारणारा उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. "कन्नडवाल्यांनी त्रास दिला असणार." दुसरा कुणी आवाज खाली आणून म्हणतो, "महाराष्ट्र एकीकरण समितीवाल्यांना पटलं नसणार, काय?" मी "तसं काही नाही हो" म्हणते आणि त्यांना वाटतं बाई घाबरल्या.

दोन्हींपैकी कुणीही बंद पाडला नाही. पाडला असता तर सांगायला बरं वाटलं असतं. आमच्या भागात असं सांगितलं की चहा मिळतो, शाल मिळते.

सीमावादाचा महाजन अहवाल, महाराष्ट्र मागतो ती ८१४ गावं, २००४ पासूनचा सुप्रीम कोर्टातला दावा, हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे, ते सोडते. माझ्या घरातलं तेवढं सांगते. १ जून १९८६ ला कन्नडसक्तीच्या आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा मी दुसरीत होते. पुढं दर वर्षी वडील हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला न्यायचे, मला खांद्यावर बसवून नाही, चालवत. आणि शेजारच्या शांतक्कानं मला कन्नड बाराखडी शिकवली, तीही दोडक्याच्या शिरा काढता काढता. या दोन्ही गोष्टी एकाच पोटात राहिल्या. पन्नाशी आली तरी त्यांचं भांडण मिटलेलं नाही. म्हणून तो तास सुरू केला असं मी पूर्वी सांगायचे. वाक्य छान होतं, खरंही होतं, पण अर्धं.

शनिवारी सकाळची शाळा. कवायत झाली की सहावी-सातवीची पोरं एकत्र, चाळीस मिनिटं. विषय दोनच: मी कोण, आणि माझ्यावर कुणाचं काय देणं आहे. आमची शाळा सरकारी, मराठी माध्यमाची. समोर कन्नड शाळा, मध्ये एक गटार. गटार दोघांचं, वास दोघांना.

पहिली दोन वर्षं झकास गेली, हे मी आजही छाती फुगवून सांगते. पोरांना म्हटलं, घरातले शब्द गोळा करून आणा. तूप, अक्का, अण्णा, अडकित्ता हे कन्नडशी नातं सांगणारे शब्द निघाले तेव्हा एक पोरगा रडकुंडीला आला, "म्हणजे आमचं तूप पण त्यांचंच?" ‘कानडा विठ्ठल’ म्हणून टाळ्या घेणं सोपं असतं, तुपाचं जड जातं. मग त्याच गटाराबद्दल पंचायतीला अर्ज लिहिला. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, साहेबांना अर्ज कन्नडमधून लागतो म्हणून समोरच्या शाळेतली तीन पोरं बोलावली. आमच्या पोरांनी मुद्दे सांगितले, त्यांनी लिहिलं, सह्या सगळ्यांनी केल्या. सात महिन्यांनी फरशी पडली, निम्म्या गटारावर. उरलेलं निम्मं अजून उघडं आहे, पण माझ्या भाषणांत ते पूर्ण झाकलेलं असायचं.

तिसऱ्या वर्षी वंशावळ घेतली.

कल्पना माझीच. कार्डशीटवर झाड काढायचं, फांद्यांवर नावं लिहायची, प्रत्येक नावाखाली तो माणूस घरात कुठली भाषा बोलायचा ते. मला हवं काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं: कुणाची पणजी धारवाडकडची निघेल, कुणाचा आजोबा चंदगडचा, आणि सगळ्यांना कळेल की सीमा घरातूनच गेलेली आहे. फळ्यावर नमुना मीच काढला. मधोमध खोड, त्यावर ठळक चौकट: वडील. त्यावर आजोबा, पणजोबा. आई बाजूच्या फांदीला.

पुढच्या शनिवारी दोरी बांधून सगळ्यांची झाडं लटकवली. मी एकेक वाचत पुढं चालले होते आणि वाचता वाचता बोलत होते, मोठ्यानं. सातवीतल्या एका मुलाच्या झाडाशी आले. आई, आजी, पणजी, तिघींची नावं सुरेख अक्षरात, खाली ‘दोन्ही भाषा’. खोडावरच्या चौकटीत नाव नाही. तिथं पिवळाजर्द भंडारा चोळलेला आणि त्यावर पेन्सिलीनं काढलेली परडी.

"हे काय रे? वडलांचं नाव कुठाय?"

हे मी विचारलं. मी, जिनं त्याचं नाव दाखल रजिस्टरात उतरवलं होतं, बापाच्या रकान्यात आईचं नाव माझ्याच हातानं लिहून. मला माहीत होतं. त्याची आजी सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेली, गावात जोगवा मागणारी, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात फक्त मराठी आणि कन्नड, कन्नड आणि मराठी. दुसरं कुठलं ‘कोण’ असतं हे सुचलंच नाही.

मागून एकानं शब्द टाकला, "जोगतिणीचा." वर्ग हसला. सगळा नाही. पण ऐकू जाईल इतका.

इथं थांबले असते तरी निभावलं असतं. एखादी बाई चुकते, पोरं हसतात, घंटा होते. मी थांबले नाही. मला वाटलं, सामाजिक जबाबदारी शिकवायची वेळ हीच. हसणाऱ्यांना गप्प केलं आणि वीस मिनिटं बोलले. देवदासी प्रथा, बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हाचा १९३४ चा कायदा, मग कर्नाटकाचा १९८२ चा, राज्य बदललं तरी प्रथा कशी राहिली, अंधश्रद्धा, शोषण. ‘अनिष्ट’ हा शब्द किती वेळा वापरला ते मोजलं नाही. एकही वाक्य खोटं नव्हतं. तो पहिल्या बाकावर बसलेला, आणि मी त्याच्या आजीबद्दल, आईबद्दल, त्याच्या जन्माबद्दल वर्गाला समजावून सांगत होते. तो माझ्याकडं बघत होता. वहीत लिहून पण घेत होता, कारण मी फळ्यावर वर्षं लिहिली होती.

सोमवारी आला नाही. मंगळवारी, बुधवारी नाही. गुरुवारी आजी आली. मी खुर्ची पुढं केली, ती दारातच उकिडवी बसली.

"बाई, पोराला कशाला इचारलासा? मला इचारायचं की. मी सांगितलं असतं."

मी माफी मागायला सुरुवात केली. तिनं हातानं थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. त्यो कागद द्या तेवढा. देवाच्या पेटीतला भंडारा हाय त्यो, पोरानं न इचारता घेतला. भिंतीला लटकवू नगासा."

मी कागद उतरवून दिला. तिनं घडी घातली, कपाळाला लावला, ओच्यात खोवला. जाताना म्हणाली, "तुम्ही वाईट म्हनालासा म्हनं आमाला." मी म्हटलं, प्रथेला म्हटलं, तुम्हाला नाही. ती म्हणाली, "बरं," आणि गेली. त्या ‘बरं’चा अर्थ मी अजून लावते आहे.

मुलगा अकरा दिवसांनी आला. शनिवार सोडून रोज येऊ लागला. दोन शनिवार मी तास घेतला, त्याचा बाक रिकामा. तिसऱ्या शनिवारी पाढे घेतले.

आता तुम्ही म्हणणार, एवढ्यावरून? आमचे एक सहकारी हेच म्हणाले. वडलांची चौकट काढा, ‘ज्यांनी तुला वाढवलं त्यांची नावं’ असं करा, झालं. बरोबर आहे. तेवढी सोपी दुरुस्ती मला पहिल्याच दिवशी का सुचली नाही, हा प्रश्न मात्र दुरुस्त होत नाही. तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, तू पळालीस. तू गप्प बसलीस म्हणून ‘जोगतिणीचा’ म्हणणारं पोरगं तसंच मोठं होणार. मी तिला म्हणते, तू बोललीस त्यानं तरी कुठं बदललं? त्या पोराला तू एवढंच शिकवलंस की असं मोठ्यानं न म्हणता कायद्याच्या भाषेत म्हणायचं. ती म्हणते, मग प्रथेला वाईट म्हणायचंच नाही का? म्हणायचं. पण ज्याची आजी ती आहे तो वर्गात बसलेला असताना कसं म्हणायचं, हे मला येत नाही. बीएडला शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तरी मी त्या दिवशी विसरलेच असते, अशी माझी खात्री आहे.

आणि तुमच्यावरही थोडा राग आहे, तो सांगून टाकते. तास का बंद केला याची दोनच उत्तरं तुमच्याकडं तयार असतात, हीच माझीही चूक होती. वंशावळ लिहायला सांगताना माझ्याकडंही दोनच होती.

मुलगा आता हायस्कूलला आहे. बसस्टॉपवर दिसला की "नमस्कार बाई" म्हणतो, मी "अभ्यास काय म्हणतोय?" विचारते. त्यापुढं दोघांनाही जमत नाही.

वर्गातली दोरी तशीच आहे. तिच्यावर आता नदीखोऱ्यांचे तक्ते असतात, मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय. या जूनमध्ये सहावीत आलेल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पूर्वी शनिवारी कायतरी तास असायचा म्हणे?" रजिस्टर समोर उघडं होतं. तिच्या नावापुढंही आईचंच नाव आहे.

मी म्हटलं, "बघू."