दुकानदाराच्या कागदावरचा महाकाल

जपानी चित्रकला म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर होकुसाईची लाट उभी राहते. मला मात्र गेल्या काही वर्षांत अधिक ओढ लागली आहे ती हिकिफुदांची, म्हणजे जपानी दुकानदार गिऱ्हाइकांना वाटत असत त्या जाहिरातीच्या पत्रकांची. १६८३ साली एदो (आजचे टोकियो) शहरातील एचिगोया या कापडाच्या पेढीने रोखीचा व्यवहार आणि एकच भाव अशी ग्वाही देणारी पत्रके वाटली, तर १७६९ मध्ये हिरागा गेन्नाईसारख्या विद्वानाने दंतमंजनाच्या पत्रकाचा मजकूर लिहून दिला. चित्रांची खरी बहार आली ती मेइजी काळात (१८६८ ते १९१२), जेव्हा रंगीत हिकिफुदा नववर्षाची भेट म्हणून घरोघरी जाऊ लागल्या.

त्यांतील एक ठरावीक चित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. दाइकोकु हा गुबगुबीत देव तांदळाच्या दोन पोत्यांवर उभा आहे, हातात लाकडी हातोडा, पाठीवर झोळी. शेजारी एबिसु हा मासेमारीचा आणि व्यापाराचा देव, त्याच्या काखेत लालसर ताई मासा. बाजूला थोडी जागा मोकळी असे. चित्र आधीच छापून तयार असे, दुकानदार नमुन्यांतून आपल्या पसंतीचे निवडी आणि मग त्या मोकळ्या जागेत त्याच्या दुकानाचे नाव छापले जाई. त्यामुळे एका गावात सोया सॉस विकणारा दाइकोकु दुसऱ्या गावात कापड विकताना दिसतो, आणि दोन्हीकडे त्याचे हसू तेच असते.

हा दाइकोकु म्हणजे आपला महाकाल. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमध्ये गेला, तेथे त्याच्या नावाचे 'महान काळा' अशा अर्थाच्या अक्षरांत भाषांतर झाले आणि ती अक्षरे जपानने तशीच घेतली. जपानमध्ये ओकुनिनुशी या स्थानिक देवाशी तो एकरूप झाला, उग्रपणा गेला आणि बरकत उरली. इतका लांबचा प्रवास एखाद्या मंदिराच्या भिंतीवर दिसला असता तर मला नवल वाटले नसते. तो किराणा दुकानाच्या कागदावर दिसतो, याचे मला फार अप्रूप आहे.

१८७३ च्या आरंभी जपानने ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारल्यावर पुष्कळ हिकिफुदांवर छोटे पंचांगही छापले जाऊ लागले. शांघायमध्येही व्यापारी वर्षाच्या सुरुवातीला युएफेनपाइ नावाची सचित्र दिनदर्शिका भेट देत. जाहिरात वर्षभर भिंतीवर टिकवण्याची ही युक्ती दोन्ही किनाऱ्यांवरच्या व्यापाऱ्यांना नेमकी उमगली होती.

जपान आणि चीन यांच्यातील समान चित्रलिपीमुळे तर जाहिरातीला समुद्र ओलांडणे फारच सोपे झाले. ओसाकाच्या मोरिशिता हिरोशी यांनी १९०५ मध्ये जिन्तान या औषधी गोळ्या बाजारात आणल्या. नावातले पहिले अक्षर कन्फ्यूशियसच्या विचारातील सद्भावाचे, दुसरे चिनी औषधपरंपरेतील गोळीचे. त्यामुळे जिन्तानचे मिशीवाल्या, गणवेशधारी पुरुषाचे चिन्ह चीनच्या शहरांत पोहोचले तेव्हा नावाचे भाषांतर करावे लागले नाही, चिनी गिऱ्हाइकाने ते सरळ 'रेन्‌दान' असे वाचले. पुढे शांघायच्या ह्वांग छुच्यू यांनी स्वदेशी गोळ्या काढल्या आणि त्यांनाही रेन्‌दान हेच नाव दिले, फक्त पहिले अक्षर 'सद्भाव' ऐवजी 'माणूस' असे निवडले. दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच आहे, आणि कागदावर त्यांच्यात फरक आहे तो अवघ्या दोन रेघांचा.