धरणग्रस्त घर

शनिवार, रात्री

जॅकेटला अजून धुराचा वास येतोय. बाहेर टांगून ठेवलंय.

आज इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटनला गेले होते. तिथल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात ठिकठिकाणची जुनी घरं आणून उभी केलीत. मला बघायचं होतं ते बेलीफ फार्महाउस. मुख्य भाग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, एक टोक पुढच्या शतकात बांधलेलं.

मधल्या दालनात माडी नाही, थेट छपरापर्यंत मोकळं. जमिनीवरच आगटी आणि धुराडं नाहीच! धूर वर भरून राहतो, मग मिळेल त्या फटीतून निघून जातो. मान वर केली, तर वासे काजळीने काळेकुट्ट. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज आणि झडपा. दोन्ही टोकांना माडी आहे, पण मध्ये हे दालन, त्यामुळे एका माडीवरून दुसरीवर जायचं तर आधी खाली उतरा. जिने अर्थात दोन.

भिंती म्हणजे आपला कुडच. काठ्यांचं विणकाम, वर माती, शेण, गवत. सगळा भार ओकच्या सांगाड्यावर. लाकूड ओलं असतानाच कापायचे. सांध्यातली भोकं मुद्दाम किंचित सरकवून पाडायची, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आवळून बसतो. जोडण्यांवर सुतारांनी कोरलेल्या आकड्यांसारख्या खुणा असतात, कुठलं लाकूड कुठे बसवायचं ते कळायला. मी एका खुणेवरून बोट फिरवलं. फिरवायचं नव्हतं बहुतेक.

मूळचं हे केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. तिथे बाऊ बीचचा जलाशय होणार म्हणून 1968-69 मध्ये उतरवलं आणि 1972 मध्ये इथे पुन्हा उभं केलं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे ते अक्षरशः फिरले, पण आपापल्या जागी परत बसले.

आमचं आजोळ कोयनेत गेलं, तेव्हा आजोबांनी दाराची चौकट तेवढी बैलगाडीत घालून आणली होती. नव्या घराला ती बसलीच नाही. मामाकडे माळ्यावर पडून आहे. उद्या फोन करून विचारते, तिच्यावर सुताराची काही खूण आहे का.